तिसऱ्या आठवड्यात घोट अडकला

मोरी तुंबली होती म्हणून आणलेलं ड्रेन क्लीनर मी पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलं. मीच. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्याने एकच घोट घेतला आणि किंचाळला. लाळ गळायची थांबेना.

सासूबाई म्हणाल्या, "मिठाचं पाणी पाज, उलटी होऊन जाईल." मी पेला भरलाही होता. नणंद नर्स आहे, ती फोनवर ओरडली, "वहिनी, काही पाजू नका! वर येताना ते परत भाजत येईल." आंबट काही पाजून त्याचा जोर कमी करायला जाणंही चूक, कारण त्यातून उष्णता निघते. तिने सांगितलं तसं तोंड पुसलं, बाटली सोबत घेतली आणि निघालो.

ओठ जवळजवळ स्वच्छ होते. मला वाटलं, निभावलं. डॉक्टर म्हणाले, ओठांवरून आतलं कळत नाही. आम्लाने वरचा थर गोठून खपली धरते, पण अल्कली, म्हणजे त्या ड्रेन क्लीनरसारखं क्षारी द्रव्य, पेशी विरघळवत खोल उतरते. २४ तासांच्या आत एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत पाहिलं. आतलं भाजणं किती खोल ते सांगणारी झारगर श्रेणी २ब निघाली, म्हणजे अन्ननलिकेच्या घेरावर खोल व्रण.

दहाव्या दिवशी घरी आलो. तो दूध पीत होता, खेळत होता. घरी सोडतानाच्या कागदावर पुढची तारीख होती, बाकी काही नाही. याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. ही जखम भरते तेव्हाच आवळत जाते, हे मला त्या दिवशी कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात आधी घास अडकायला लागला, मग दूधही नाकातोंडातून परत येऊ लागलं.

मग डायलेशन, म्हणजे आवळलेली अन्ननलिका रुंद करणं, सुरू झालं. भूल देऊन आधी बारीक तार आत सरकवतात, तिच्यावरून वाढत्या जाडीच्या नळ्या, ५ मिलिमीटरपासून पुढे. घट्ट लागायला लागलं की एका वेळी तीनच मापं, त्यापुढे जायचं नाही. घाई केली तर अन्ननलिका फाटू शकते. म्हणून प्रत्येक वेळेनंतरची रात्र मी त्याच्या कपाळावर हात ठेवून काढायची. ताप आला का, छातीत दुखतंय का, मानेखाली सूज आहे का? एकदा आवळलेल्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शनही दिलं. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी असं करत एकोणीस वेळा झालं. त्यानेही भागलं नसतं तर मोठ्या आतड्याचा तुकडा लावून नवी वाट करायची तयारी होती. त्या संमतीपत्रावर मी सही करून ठेवली होती.

आता तो अकरा वर्षांचा आहे. सगळं खातो, हळू खातो. शाळेत त्याचा डबा सगळ्यांत शेवटी संपतो. घरात प्रत्येक रसायन त्याच्या मूळ डब्यात, कुलपात असतं.

अशा अन्ननलिकेत पुढे अनेक वर्षांनी कर्करोगाचा धोका वाढतो, त्यामुळे मोठेपणी त्याला अधूनमधून एंडोस्कोपी करून घ्यावी लागेल. हे त्याला अजून सांगितलेलं नाही. कधी सांगावं, ते ठरत नाही.