तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा शहराने टार्गेट ठेवून काय होणार?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, भाजीच्या गाडीपाशी, जिन्यात, आणि आमच्या तळमजल्यावरच्या काकांकडून तर दर मिटिंगला. "मॅडम, तिकडे चीन-अमेरिका धूर सोडतायत आणि तुम्ही नेरुळात बसून कसलं नेट झिरो काढलंय?" त्याचं कारण असं की गेली काही वर्षं मी वॉर्डात, महापालिकेच्या सूचना-हरकतींत, जिथे कोणी कागद घेईल तिथे एकच कागद देत फिरते, की नवी मुंबईने २०४० पर्यंत नेट झिरो असं साल लिहून द्यावं. म्हणजे शहरातून जेवढा कार्बन बाहेर पडतो तो जवळजवळ शून्यावर आणायचा आणि उरेल तेवढाच शोषून घ्यायची सोय करायची. मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामानाचा प्लॅन काढला त्यात २०५० आहे, देशाचं साल २०७०, आणि ही बाई म्हणते २०४०, त्यामुळे लोक हसतात. हसू देत.

काकांचं अर्धं बरोबर आहे हे आधीच सांगते. नवी मुंबई उद्या अख्खी बंद ठेवली तरी जगाच्या तापमानाला पत्ता लागणार नाही. वीज महावितरणची येते, ती कोळशावर बनवायची की उन्हावर हे काही पालिका ठरवत नाही. पण 'एवढंसं शहर' हे मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेत आपण ११ लाखांच्या वर होतो, कोपनहेगन आपल्यापेक्षा लहान आहे आणि त्यांनी २०१२ मध्ये सांगून टाकलं की २०२५ पर्यंत आम्ही कार्बन न्यूट्रल. आता तुम्ही म्हणाल की ते चुकलं ना, हो चुकलं, २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच कबूल केलं की जमणार नाही. पण तोपर्यंत त्यांचं उत्सर्जन २००५ च्या निम्म्याहून खाली आलेलं होतं. आणि साल लिहिलेलं होतं म्हणून 'चुकलं' म्हणता तरी आलं. आपल्याकडे चुकायलासुद्धा काही लिहिलेलं नको का?

आणि गंमत बघा, हे शहरच मुळात कुणाच्यातरी आवाक्याबाहेरच्या टार्गेटमधून झालंय. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता (दोघे आर्किटेक्ट) आणि शिरीष पटेल (इंजिनिअर) या तिघांनी सांगितलं की मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्या, तेव्हा इथे भातशेती, मिठागरं आणि गावं होती. १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली, ९५ गावांची जमीन, ३४४ चौरस किलोमीटर. (ती जमीन ज्यांची गेली त्या आगरी-कोळ्यांना विचारलं तर स्वप्न कुणाचं आणि किंमत कुणी दिली हा हिशोब अजून मिटलेला नाही, त्यामुळे नवं टार्गेट ठरवताना दिवाळे-सारसोळे या इथल्या मूळ गावांतले लोक टेबलावर हवेत, हेही माझ्या कागदात आहे.)

आता खरं कारण सांगते, ते धारण तलावांचं. आपल्या बऱ्याच नोडची (म्हणजे वाशी, नेरुळ अशा सिडकोने वसवलेल्या उपनगरांची) जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे, हे इथे वीस वर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर खाडीच्या कडेला हे धारण तलाव, म्हणजे होल्डिंग पॉन्ड, केले, त्यांना झडपा, भरती आली की झडप मिटते आणि खाडीचं पाणी आत येत नाही, तेवढ्या वेळात शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की झडप उघडून ते निघून जातं. मूळ रचनेत मोटर नाही, वीज नाही, सगळं भरती-ओहोटीच्या भरवशावर. मला हे शहरातलं सगळ्यात हुशार काम वाटतं. पण समुद्र वर आला की झडप उघडी राहण्याचा वेळ कमी होतो आणि पाऊस कमी वेळात जास्त पडायला लागला की तलाव लवकर भरतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी पेच. त्यात तलावांत गाळ आणि खारफुटी, ती काढायची तर परवानग्या लागतात आणि खारफुटी नुसती उपटून टाकणं मलाही मान्य नाही, तीच तर खाडीची भिंत आहे. तेव्हा जग आपलं ऐको न ऐको, समुद्र आपल्याकडे येणारच आहे. मग तयारीचा खर्च मागताना 'आम्ही आमच्या वाटचं केलं' असं म्हणायला तोंड हवं.

कचऱ्याचं थोडक्यात. ओला कचरा डम्पिंगला कुजून मिथेन होतो आणि तो पहिल्या २० वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ८० पट तापवतो. आम्ही सोसायटीत खत करायला घेतलं, पहिल्या महिन्यात अळ्या झाल्या, वास सुटला, दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. सुका पाला कमी पडत होता एवढंच. आता दोन्ही घरं कुंड्यांसाठी खत मागतात, बोलतात मात्र अजून एकच.

आणि घाई कशाला, २०५० चालेल की, असं विचारणाऱ्यांसाठी एकच शब्द, रिडेव्हलपमेंट. वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगा आता पडतायत आणि टॉवर उभे राहतायत, जो प्लॅन यंदा पास होईल ती बिल्डिंग २०७० लाही उभी असेल. पश्चिमेला काचेची भिंत दिली की त्या घरात दुपारी एसी लागणारच, पुढची पन्नास वर्षं. बांधकाम परवानगी पालिकेच्या हातात आहे, कोळसा नसला तरी हे आहे. साल आज ठरलं तर या टॉवरना लागू होईल, दहा वर्षांनी ठरलं तर बांधून झालेल्या काचेकडे बघत बसायचं.

आमचीही चार मजली बिल्डिंग त्याच रांगेत आहे. मागच्या रविवारी बिल्डरचा माणूस आला होता, स्विमिंग पूल, क्लबहाऊस, डेक सगळं दाखवलं. मी मुद्दाम गप्प होते, कारण मी बोलले की लोक मोबाईल काढतात. तर काका उठले आणि म्हणाले, "ते राहू द्या, गच्चीवर सोलर किती किलोवॅट? सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे, ती तुम्ही घेणार की आम्ही?" तो माणूस म्हणाला नोट करतो. वहीत लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही. काका बसताना माझ्याकडे बघून म्हणाले, "नेट झिरो वगैरे नाही हं, कॉमन मीटरचं बिल फार येतं."