शहाबादी फरशीवरचा स्टिरिओ

आमच्याकडं टीव्हीचा आवाज 40 वर असायचा, आणि तरी बापू विचारायचे, "काय म्हनला तो?" भिंतीला चिकटवलेल्या 43 इंची टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून बसलेले. आवाज येतो, शब्द येत नाहीत. बापूंचा जन्म आकाशवाणी परभणी ऐकण्यात गेला, त्यांना माणसाचा गळा स्वच्छ लागतो. मला गाणं ऐकायचं होतं. म्हणून वेगळे स्पीकर घ्यायचं ठरलं. बायकोनं हिशेब एका वाक्यात मिटवला, "15 हजार. तार, प्लग, सगळं धरून. वर एक रुपया नाही."

पहिला सल्ला अर्थातच भाच्याचा. "मामा, होम थिएटर घ्या. 5 हजारात 5.1 येतंय, गल्ली हादरंल." मला गल्ली हादरवायची नव्हती, तरी स्टेशन रोडच्या एका दुकानात गेलो. खोक्यावर वॉटचा आकडा असा की गिरणी चालावी. मी यंत्र उलटं करून मागचं स्टिकर वाचलं. वीज किती ओढतो ते तिथं असतं, 60 वॉट. भिंतीतून 60 वॉट घेणारा हजारो वॉट कुठून बाहेर काढणार? खोक्यावरचा आकडा पीएमपीओ, म्हणजे कागदावरचा क्षणभराचा धडाका. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद. गाणं लावलं तर सबवूफर धाडधाड आणि गाणारी बाई विहिरीतून गातेय. हात जोडले आणि निघालो.

मग डोक्यात खरे स्पीकर शिरले, म्हणजे बिनॲम्प्लिफायरची जोडी आणि वेगळा ॲम्प्लिफायर. यात एक गोष्ट शिकलो ती कामाची आहे. सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो, डेसिबलमध्ये. तेवढ्याच विजेत स्पीकर किती मोठा वाजतो ते तो सांगतो. 87 च्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी 40 वॉट लागतात, तेवढाच आवाज 90 चा स्पीकर 20 वॉटांत देतो. पण कितीही गणित केलं तरी जोडी अधिक ॲम्प्लिफायर 20 हजारांच्या खाली येईना. गल्लीतल्या भजनी मंडळाचा जुना अहुजाचा ॲम्प्लिफायर आणू का, असंही मनात आलं. तो मोनो, म्हणजे डाव्या-उजव्याला एकच आवाज. कीर्तनाला उत्तम, माझ्या कामाचा नाही.

उरला एकच मार्ग, ॲम्प्लिफायर पोटात असलेली जोडी. एका रविवारी तपोवननं संभाजीनगर गाठलं. फोनमध्ये तीनच गोष्टी होत्या: पंडित नाथराव नेरळकरांच्या गाण्याचं एक रेकॉर्डिंग, नुसता पखवाज, आणि बातम्यांची दहा मिनिटं. बातम्या बापूंसाठी. दुकानदार हुशार होता, महागाची जोडी लावताना आवाज हळूच दोन काटे वर. कानाला मोठा आवाज हाच चांगला आवाज वाटतो, ही माणसाची जुनी खोड. मी फोनवरच्या ॲपनं मोजून दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घेतला. "सर, तुम्ही मास्तर आहात का?" त्यानं विचारलं. आहेच.

सारख्या आवाजात महागाची जोडी फार काही पुढं गेली नाही. घेतली एडिफायरची आर1280डीबी. खालच्या सुरांसाठी 4 इंची बास ड्रायव्हर, वरच्या सुरांसाठी 13 मिलिमीटरचा ट्वीटर, दोन्ही मिळून 42 वॉट आरएमएस आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुट. 12 हजारांच्या आत बसली.

घरी आणून शोकेसमध्ये ठेवली, दोन्हींत तीन फूट अंतर. लावली, आणि तोंड उतरलं. पखवाज घुमतोय, शब्दाला शब्द चिकटतोय. त्यात नाथराव कुठं बसलेत तेच कळेना. स्टिरिओचा खरा कस तो: गाणारा दोन स्पीकरांच्या मधोमध ऐकू आला पाहिजे, जिथं स्पीकर नाहीच. बायको म्हणाली, "अहो, दुकानात काय ऐकलंत मग?"

रात्री हॉलच्या मध्यात उभं राहून टाळी वाजवली. टाळीमागं टणकन शेपूट. 12 बाय 15 चा हॉल, वर स्लॅब, खाली शहाबादी, भिंती कोऱ्या. आवाज शोषून घेईल असं आमच्या घरात फक्त अंथरूण, तेही घडी करून आतल्या खोलीत. सतरंजी आणून दिवाणापुढं टाकली, मागच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली, खिडकीला जाड पडदा. शेपूट गेलं. एका पैशाचा खर्च नाही. हे खरेदीच्या आधी केलं असतं तर दोन रात्री शांत झोपलो असतो.

स्पीकर शोकेसमधूनही बाहेर काढले. भिंत आणि कोपरा बास फुगवतात, म्हणून भिंतीपासून दीड फूट पुढं आणले. दोन्हींत सहा फूट, दिवाणापासून प्रत्येक साधारण सात फूट, तोंडं किंचित आत. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपाचे 28 इंची स्टँड करून घेतले, 1,400 रुपये. पाइपात वाळू भरली की स्टँड झणझणत नाही. गोदाकाठी वाळूचा भाव काय झालाय ते सांगायला नको. शेजारच्या बांधकामावरून दोन घमेली मागून आणली.

तरी बास गायब! आता काय? एक पूर्ण संध्याकाळ गेली. दोन स्पीकरांमधली दीड चौरस मिलिमीटरची नवी तार मीच जोडली होती, एका टोकाला लाल-काळं उलटं. एका स्पीकरचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. तार सुलटी जोडली, आणि नाथराव येऊन मधे बसले.

टीव्हीनं वेगळाच घोळ घातला. ऑप्टिकल जोडूनही ठार शांतता. सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आवाज पीसीएम, म्हणजे साधा, न दाबलेला केला तेव्हा कुठं बोलू लागला. ब्लूटूथवर आधी करून पाहिलं होतं, पण ओठ आधी हलायचे, शब्द मागून. आणि लाइट गेली की जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घूंऽऽ असा भुंगा येतो. त्याला इलाज नवा इन्व्हर्टर, म्हणून तेवढा वेळ बंद ठेवतो.

टीव्ही आता 18 वर असतो. बापू बातम्या ऐकतात, विचारत नाहीत. कटकट एकच: फरशी पुसताना आई स्टँड सरकवते आणि नाथराव खिडकीकडं जाऊन बसतात. शेवटी मी फरशीवर ऑइलपेंटचे आठ ठिपके काढले, प्रत्येक पायाला एक. आईनं ते बघितले आणि म्हणाली, "अर्धीच काढलीस की रांगोळी."