एक फरशी अंतर

गेले सात महिने आमच्या हॉलमधल्या शोकेसवर एक कप बसलाय. आत मावत नाही, दोन्ही कान बाहेर येतात आणि काचेचं दार लागत नाही, म्हणून मग वर, गणपतीच्या फोटोशेजारी. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, वहिनी ह्यात काय ठेवायचं? म्हटलं काही नाही हो, नुसता ठेवायचा. त्यांनी एकदा कपाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि फडकं मारून पुढे गेल्या. दोन आठवड्यांनी बघते तर आत लाईटबिल, रबरबँड आणि रिमोटचे दोन जुने सेल.

कप गोल्फचा आहे. नवरा खेळतो. आम्ही खारघरला फ्लॅट घेतला तेव्हा ब्रोशरमध्ये ‘गोल्फ कोर्स व्ह्यू’ असं छापलं होतं, आता मधे दुसरा टॉवर आल्याने त्या टॉवरच्या बाल्कन्यांमधले वाळत घातलेले टॉवेल दिसतात, पण व्ह्यू होता तेवढ्या चार वर्षांत नवऱ्याला ती हिरवळ बघून बघून नाद लागला तो लागलाच. वयाच्या बावन्नाव्या वर्षी. आणि क्लब म्हणजे डोळ्यासमोर बार, स्विमिंग पूल वगैरे आणू नका, सिडकोच्या खारघर व्हॅली कोर्सवर उजाडता उजाडता जमणारी पंचवीस-तीस माणसं, एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक सेक्रेटरी आणि वर्षाची वर्गणी, झाला क्लब. असेच मुंबई-पुणे-नाशिककडचे ग्रुप मिळून दर थंडीत एक इंटरक्लब ट्रॉफी खेळतात आणि जिंकणाऱ्या टीमच्या कॅप्टनच्या घरी वर्षभर कप राहतो. यंदा कॅप्टन आमच्याकडचे.

तर मागच्या महिन्यात सेक्रेटरींचा फोन, वहिनी, स्मरणिका काढतोय, तुमचं मराठी चांगलं, एक पान लिहून द्या ना, ट्रॉफीमधला आपल्या क्लबचा इतिहास. मी शाळेत मराठी शिकवायचे तेव्हापासून माझ्याकडे फक्त दोनच कामं येतात, लग्नपत्रिका तपासा आणि स्मरणिकेला पान द्या. हो म्हटलं. मला वाटलं इतिहास कपावरच असेल.

कपाच्या खाली लाकडी बैठक आहे, तिच्याभोवती पितळी पट्ट्या, प्रत्येकीवर वर्ष आणि जिंकलेल्या क्लबचं नाव. खाली बसून, चष्मा लावून सगळ्या वाचल्या. आमचं नाव एकदाच, शेवटच्या पट्टीवर, आणि त्यातही स्पेलिंग चुकलेलं. बाकी इतकी वर्षं आमची माणसं पहाटे पाचला डबे घेऊन गेली, हरली आणि संध्याकाळी टॅन होऊन परत आली, त्याचा पट्टीवर मागमूस नाही. हरणाऱ्यांची पट्टी करत नाहीत हे कळायला मला गोल्फ यायची गरज नव्हती, पण म्हणजे पान कशाचं लिहायचं?

मग उगाच जरा वाचत बसले, म्हणजे निदान सुरुवात तरी भारदस्त होईल. क्लबांच्या आपसातल्या स्पर्धेची गोष्ट जुनी आहे. १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे उठाव पेटला होता त्याच वर्षी, स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला अकरा क्लब जमले आणि प्रत्येकाची दोन माणसं, दोघांत एकच बॉल, आळीपाळीने मारायचा, अशी स्पर्धा झाली आणि कप घेऊन गेला कोण तर लंडनजवळचा ब्लॅकहीथचा क्लब, स्कॉटिश लोकांच्या नाकावर टिच्चून. तीन वर्षांनी, १८६० साली प्रेस्टविकला आठ व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा सुरू झाली, तीच पुढे ब्रिटिश ओपन. तिला बक्षीस होता लाल चामड्याचा पट्टा, चांदीचं बक्कल वगैरे, आणि नियम असा की लागोपाठ तीनदा जिंकलं की पट्टा कायमचा तुमचा. त्या काळचा नावाजलेला खेळाडू टॉम मॉरिस, त्याच्या मुलाने, त्याचंही नाव टॉमच, १८६८ ते १८७० तीनदा जिंकून पट्टा घरी नेला आणि मग १८७१ ला स्पर्धाच झाली नाही, द्यायला बक्षीसच नाही ना. शेवटी तीन क्लबांनी दहा-दहा पौंड काढून चांदीचा जग बनवला. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे जगातली सगळ्यात मानाची गोल्फची ट्रॉफीसुद्धा आपल्या सोसायटीच्या गणपतीसारखी वर्गणी काढूनच आलेली.

आणि मुंबई ह्यात अगदीच लांबची नाही. इथे १८४२ साली इंग्रजांचा गोल्फ क्लब निघाला होता, कलकत्त्याचा तर १८२९ चा, आणि सेंट अँड्र्यूजच्या क्लबात अजूनही वसंतातल्या स्पर्धेत ‘बॉम्बे मेडल’ नावाचं पदक खेळतात. त्याच क्लबात बायकांना सभासद करून घ्यायचं २०१४ ला ठरलं हेही वाचलं. त्यावर मी इथे काही बोलत नाही, पान स्मरणिकेचं आहे.

पण हे सगळं त्यांचं झालं, आमचं काय? नवऱ्याला विचारलं तर तो यंदाचंच सांगतो. बाकीच्यांना विचारलं तर प्रत्येकाला स्वतःचा एक भारी शॉट आठवतो आणि वर्ष आठवत नाही. मग एका रविवारी सेंट्रल पार्कला चालायला गेले तशीच पुढे कोर्सच्या गेटपर्यंत गेले, तिथे एक कॅडी भेटला, इथल्याच गावातला, पहिल्या वर्षापासून आमच्या लोकांच्या बॅगा ह्यानेच उचलल्यात. कॅडी म्हणजे नुसता हमाल नाही हं, बॉल कुठे पडला, वारा कुठून आहे, हिरवळीचा उतार कुठे, सगळं त्याला विचारायचं असतं. टपरीवर चहा घेतला आणि त्याने मला सगळा इतिहास सांगितला, एकही कागद न बघता. त्याला वर्षं नाही आठवत, जागा आठवतात.

पहिल्या वर्षी आठ माणसं लागतात हे कळलंच नव्हतं म्हणे, सात घेऊन गेले, एक पॉइंट गाडीतून उतरायच्या आधीच गेला. एकदा सामना चेंबूरला होता, १९२७ पासूनचा तो जुना कोर्स, आमची गाडी वाशीच्या पुलावर अडकली आणि पहिल्या जोडीचा नंबर निघून गेला. एका वर्षी एका मोठ्या साहेबांनी एकाच तळ्यात तीन बॉल घातले. “वयनी, पान्यान तीन बॉल, मी मोजलं ना. चौथा मागला तं मी बोललो सायेब, आता राहू द्या.” हे सांगताना तो हसला नाही. त्या साहेबांना त्या दिवशी घरून फोन आला होता, आई आजारी होती, तरी खेळले, असं त्याने नंतर सांगितलं. हे क्लबातल्या एकालाही माहीत नव्हतं. मी कागदाच्या पाकिटावर लिहून घेत होते, पाकीट संपलं.

मग मी विचारलं, आणि यंदाचं? यंदा आपण जिंकलो ना?

तर तो चहाचा ग्लास फिरवत बसला. “जिंकलो ना,” म्हणाला. आणि मग जरा वेळाने, “द्यायाला पायजे व्हता.”

आता हे समजायला थोडं गोल्फ लागतं, थोडक्यात सांगते. इथे एकास एक खेळतात, जास्त होल जिंकेल तो जिंकला, एका मॅचला एक पॉइंट, बरोबरी झाली तर अर्धा-अर्धा. हिरवळीवर बॉल होलात ढकलायचा जो हलका फटका असतो त्याला नवरा ‘पट’ म्हणतो आणि कॅडी लोक ‘पुट’ म्हणतात, मी कॅडींच्या बाजूने आहे. तर समोरच्याचा बॉल होलाच्या अगदी जवळ असला की आपण म्हणू शकतो, राहू दे, धरला. त्याला म्हणतात पुट देणं. दिलंच पाहिजे असा नियम नाही. पण दोन फुटांचा देतात, बहुतेक सगळे.

फायनलला सात मॅच संपून स्कोअर साडेतीन-साडेतीन, मैदानात शेवटची मॅच, आमच्या घरचे एका होलने पुढे, शेवटचा होल, ह्यांचं खेळून झालेलं, आणि समोरच्याची दोन फुटांची पुट उरलेली. ती गेली तर मॅच बरोबरीत, म्हणजे चार-चार, आणि टाय झाली तर कप आधीच्या विजेत्यांकडेच राहतो. समोरच्याने बॉलकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. हे टोपी नीट करत बसले. तो वाकला, मारला, आणि बॉल कडेला जिभली दाखवून बाहेर. साडेचार-साडेतीन. पट्टीवर नाव.

घरी येऊन मी काही बोलले नाही, भाजी निवडता निवडता सहज १९६९ च्या रायडर कपचा विषय काढला. सहज म्हणजे मी दोन दिवस वाचून ठेवलं होतं. अमेरिका विरुद्ध ब्रिटन, शेवटची मॅच, शेवटचा होल, ब्रिटनच्या टोनी जॅकलिनची जेमतेम दोन-अडीच फुटांची पुट उरली होती आणि अमेरिकेच्या जॅक निकलसने त्याचा बॉलमार्कर, म्हणजे बॉलच्या जागी ठेवलेली खूण, उचलून दिला, राहू दे म्हणून, आणि इतिहासात पहिल्यांदा कप टाय झाला, सोळा-सोळा. नवऱ्याने पेपर खाली ठेवला. कोणी सांगितलं तुला? मी म्हटलं वाचलं. मग तो जे बोलला ते मात्र मला खोडता आलं नाही. म्हणाला, कप आधीपासून अमेरिकेकडे होता, टाय झाल्यावर तो त्यांच्याकडेच राहिला, निकलसचं गेलं काय? आमचा येणार होता तो गेला असता. सात माणसं माझ्याकडे बघत होती, त्यांचे पॉइंट मी कोणाच्या खिशात घालायचे? आणि निकलसचा कॅप्टनसुद्धा त्याच्यावर खूश नव्हता, तेही वाच.

वाचलं. खरंच नव्हता.

त्यात मधेच माझ्याकडून एक घोळ झाला. दिवाळीची सफाई करताना कप काळवंडलेला दिसला म्हणून मी भांडी घासायची पावडर, लिंबू, जुना ब्रश, जोर लावून घासला, आणि पोटावर रुपयाएवढा डाग पिवळा पडला. आधी मला वाटलं चमकतोय. मग कळलं वरचा मुलामा गेलाय, आत पितळ आहे. नवरा इतका चिडला की दोन वेळा जेवताना बोलला नाही, आणि मी म्हणत होते अरे मग चांदीचा नव्हताच ना तो मुळात, ह्यात माझं काय चुकलं. आता कप भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, डाग दिसत नाही, पण पट्टीवरचं आमचं नावही भिंतीकडे गेलं.

पान मी लिहिलं. सात जण, वाशीचा पूल, तळ्यातले तीन बॉल (आईचं नाही लिहिलं, ते त्यांचं आहे), आणि शेवटी यंदाचं, जसं झालं तसं, ‘दोन फुटांची पुट प्रतिस्पर्ध्याकडून हुकली आणि आपण विजयी झालो’ एवढंच. दिली-न दिली काही नाही. नवऱ्याला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, दोन नव्हतं, अडीच होतं.

आमच्या हॉलच्या फरशा दोन बाय दोनच्या आहेत. मी म्हटलं ही एक फरशी म्हणजे दोन फूट, बघ बरं किती दिसतं. त्याने बघितलं आणि मग आतून पटर, म्हणजे पुट मारायची काठी, आणला. मी फुलपात्र आडवं ठेवलं तर म्हणे तोंड लहान आहे, होल १०८ मिलिमीटरचा असतो. जपमाळेइतका नेमका आकडा ह्या खेळात कुठून आला देव जाणे. शेवटी चहाच्या डब्याचं तोंड जुळलं. टेपने मोजून. एक फरशी सोडून त्याने बॉल ठेवला.

टक. गेला. टक. गेला. मावशी पोछा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या, हॉल ओला करू की नको कळेना. सेंट अँड्र्यूजला १८६७ पासून बायकांचा नुसत्या पुटिंगचा क्लब आहे, उंचसखल हिरवळ, नाव ‘हिमालय’, हे मला तेव्हा आठवलं म्हणून मीही एक मारून बघितला, तो टीव्हीच्या टेबलाखाली गेला ते जाऊ दे.

नवऱ्याचे दहातले नऊ गेले. दहावा डब्याच्या काठाला लागून सोफ्याखाली. झाडूचा दांडा घालून काढावा लागला, सोबत एक मोजा आणि दोन वर्षांपूर्वीचं पतंगाचं बिल निघालं.

“बघ,” तो गुडघे झटकत म्हणाला, “चुकतो माणूस.”

मी पेन घेतलं, पानावरचं दोन खोडलं आणि सव्वादोन केलं.