तासाचे पैसे, पण तास कुणाचा? बेळगावाहून बंगळूरला रिसर्च स्कॅनसाठी जाणाऱ्यांना

सामायिक ब्रेन इमेजिंग केंद्रात, म्हणजे संशोधनासाठी मेंदूचा एमआरआय काढायच्या जागी, दर तासाचा असतो. स्कॅनर घरघरायला लागला की तास सुरू, अशा समजुतीत निघालात तर बिल बघून डोळे पांढरे होतील. स्लॉट नऊचा असेल तर नवालाच मीटर पडतो, मग अभ्यासासाठी नेलेला तुमचा माणूस चेंजिंग रूममध्ये साडीची पिन शोधत का असेना.

हिशेब बघा. फॉर्म आणि कपडे बदलणं १५ मिनिटं. टेबलावर झोपवून, डोक्याशेजारी फोम कोंबून कॉइल (डोक्याभोवतीची, सिग्नल टिपणारी जाळी) लावेपर्यंत १०. लोकलायझर (डोकं कुठे आहे ते बघायचा झटपट स्कॅन) १, टी-वन (मेंदूच्या रचनेचं चित्र) ५, फील्ड मॅप (चुंबकक्षेत्र कुठे बिघडलंय त्याचा नकाशा) २. टीआर, म्हणजे अख्ख्या मेंदूच्या एका चित्राला (व्हॉल्यूमला) लागणारा वेळ, २ सेकंद धरून २४० व्हॉल्यूमचा एक रन (सलग फेरी) ८ मिनिटांचा, असे दोन म्हणजे १६. मधलं बोलणं आणि उतरवणं १०. झाली ५९. त्यात कुणाला मधेच लघवीला लागली की दुसरा रन गेलाच, कारण पुढच्या स्लॉटवाला दारात उभा असतो.

म्हणून फॉर्म बेळगावातच भरून घ्या, तोही तोंडी विचारून. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप हे छापलेलंच असतं. पण आपल्याकडे खरा प्रश्न उद्यमबागचा, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीचा. ‘शरीरात धातू आहे का?’ म्हटलं की सगळे नाही म्हणतात. ‘ग्राइंडिंगला किंवा लेथवर होता का, डोळ्यात कधी कणी गेलेली का?’ असं विचारा, निम्मे आठवायला लागतात. तीन टेस्लाच्या चुंबकात ती लोखंडाची कणी डोळ्यातच हलू शकते. डोळ्यांचा एक्स-रे आणि रेडिओलॉजिस्टचं मत हातात आल्याशिवाय त्या माणसाचं रेल्वे तिकीट काढू नका.

बायकांच्या बाबतीत जोडवी. चांदीची आहेत म्हणतात, आत काय आहे देव जाणे, आणि वर्षानुवर्षं घातलेली निघता निघत नाहीत. साबणपाण्याने आदल्या दिवशी काढा. मंगळसूत्र उतरावं लागतं हे घरीच, सासूबाईंच्या समोर सांगून ठेवा. स्कॅनरच्या दारात तो विषय काढायचा नाही. बाप्यांच्या खिशातली चुन्याची डबीही तपासा. मॅग्नेट रात्री-बेरात्रीही चालूच असतो, ‘मशीन बंद आहे ना’ हे वाक्य तिथे चालत नाही.

आता सगळ्यात वाईट टप्पा, टास्कचा, म्हणजे स्कॅन चालू असताना माणसाला पडद्यावर द्यायच्या कामाचा. तुमच्या लॅपटॉपवर छान चाललेला प्रोग्राम तिथल्या कॉम्प्युटरवर चालेलच असं नाही. देवनागरी फॉन्ट नसेल तर ‘क्ष’चे तुकडे पडतात, कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर) भलतीकडे जातात. मराठी आणि कन्नड दोन्ही शब्द चित्र म्हणून, पीएनजी करूनच न्या. स्क्रीन आरशातून दिसतो, त्यामुळे प्रोजेक्शन उलटवलेलं आहे का ते झोपून बघा, उभ्याने नाही. स्कॅनरचा ट्रिगर (व्हॉल्यूम सुरू झाल्याची खूण) बऱ्याच ठिकाणी कीबोर्डवरच्या ५ सारखा येतो. उत्तराचं बटणही ५ ठेवलंत तर प्रत्येक व्हॉल्यूमला एक खोटं उत्तर नोंदलं जाईल, आणि ते घरी आल्यावर कळेल. चष्मेवाल्यांचा नंबर आधी कळवा, धातूच्या फ्रेमला आत प्रवेश नाही.

माझं स्पष्ट मत: पहिला स्लॉट माणसाविना, फॅन्टमवर (माणसाऐवजी ठेवायच्या चाचणीच्या वस्तूवर) वाया घालवा. महाग वाटतो, पण हे सगळं तिथेच उघडं पडतं.

एथिक्सचं थोडक्यात: आपल्या संस्थेची मंजुरी असली तरी केंद्र स्वतःची मागू शकतं. संमतीपत्र मराठी आणि कन्नड, दोन्ही. स्कॅनमध्ये अचानक गाठ दिसली तर कोण, कधी सांगणार, हे त्यातच लिहा.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी थेट स्कॅनला माणूस नेऊ नका. आत दहा मिनिटांत घोरतो, डोकं तीन मिलिमीटर सरकतं, रन कचऱ्यात. एक रात्र लॉजचं भाडं सोसा. चहा द्यायचा तर सगळ्यांना सारखा द्या किंवा कुणालाच नको, कॅफीनने मेंदूतला रक्तप्रवाह बदलतो.

कन्सोलवर, म्हणजे स्कॅनर चालवायच्या कॉम्प्युटरवर, नोंदणी करताना नावाच्या जागी कोड घालायला सांगा, नाहीतर खरं नाव स्कॅनच्या चित्रांच्या प्रत्येक डायकॉम फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या नोंदीत) बसतं. डेटा त्याच दिवशी आपल्या हार्डडिस्कवर घ्या आणि फाइल उघडून बघूनच स्टेशनवर जा.