चेस्टनटच्या सालीतली वस्ती

आपल्याकडे कँकर म्हटले की कागदी लिंबावरचा खैऱ्या आठवतो. तो जिवाणूंमुळे होतो. चेस्टनट या झाडाचा कँकर, म्हणजे सालीवर पसरत जाणारी मृत जखम, बुरशीमुळे होतो, आणि त्याविषयी वाचताना मला रोगापेक्षा सालीतल्या इतर बुरशींचे कुतूहल अधिक वाटू लागले.

निरोगी झाडाची साल बुरशीमुक्त असते, हा समज चुकीचा आहे. युरोपीय चेस्टनटच्या सालीत अँफिपोर्थे कास्टानिया, पेझिक्युला सिनामोमिया यांसारख्या जाती बाहेर काहीही न दिसता राहतात. क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका ही मूळची पूर्व आशियातली बुरशी जखमेतून आत शिरली की हा समतोल मोडतो. तिचे कवकजाल, म्हणजे तंतूंचे जाळे, पंख्याच्या आकारात पसरत, ऑक्झॅलिक आम्ल सोडत, जिवंत साल आणि तिच्याखालचा वाढीचा थर मारत जाते. खोडाला पूर्ण वेढा पडला की वरचा भाग वाळतो. जिवंत सालीत दबून राहणाऱ्यांना मोकळेपणी वाढणे जमत नव्हते, ते या मेलेल्या, भेगाळलेल्या सालीत मृतोपजीवी (मेलेल्या भागांवर जगणाऱ्या) बुरशींना सहज जमते. इतर बुरशींवर उपजीविका करणारी ट्रायकोडर्माही अशा ठिकाणी सापडते. एकाच खोडावर वीतभर अंतरावर दोन निराळ्या वस्त्या नांदू लागतात.

हा रोग 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात लक्षात आला आणि पुढच्या अर्धशतकात अमेरिकेतले अब्जावधी चेस्टनट त्याने मारले. मुळे मात्र वाचली, कारण मातीतले सूक्ष्मजीव या बुरशीला तिथे जम बसवू देत नाहीत. शेजार कोणाचा आहे, यावर केवढे अवलंबून असते!

इटलीत 1938 मध्ये जिनोव्हाजवळ हा रोग आढळला, पण तिथली कथा वेगळ्या वळणाने गेली. 1950 च्या दशकात अंतोनियो बिरागी यांना काही कँकर आपोआप भरून येताना दिसले. पुढे फ्रान्समध्ये झाँ ग्रांत यांनी अशा कँकरमधून फिकट, पांढुरकी आणि दुबळी बुरशी वेगळी केली; तिच्यात एक विषाणू असल्याचे नंतर कळले. विषाणू लागलेली बुरशी मरत नाही, ती सालीच्या बाहेरच्या थरांतच अडकून पडते आणि तेवढ्यात झाड खाली नवी साल तयार करते. कँकर बरा होतो तो बुरशी नाहीशी झाल्यामुळे नव्हे, हे मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटते.

हा विषाणू कवकतंतू एकमेकांना जुळले तर सहज पसरतो, आणि ते जुळण्यासाठी दोन्ही बुरशी परस्परांशी सुसंगत गटांतल्या असाव्या लागतात. लैंगिक बीजाणूंमध्ये तर तो उतरतच नाही. युरोपात अनेक ठिकाणी असे गट थोडेच असल्याने त्याला वाट मिळाली. पूर्व अमेरिकेतल्या जंगलांत गट पुष्कळ, त्यामुळे तिथे या विषाणूचा उपाय बहुतेक ठिकाणी फसला. तिथे जुन्या बुंध्यांना आजही फुटवे येतात आणि खोड जरा जाड झाले की पुन्हा कँकर धरतो.