मावशीला दोन कॅन्सर नव्हते

मावशीच्या रिपोर्टमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि लिव्हरमध्ये गाठी असं आलं, तेव्हा घरात सगळे म्हणायला लागले की तिला दोन कॅन्सर झालेत. मलाही तसंच वाटलं. मग मी वाचत बसले.

आपली पेशी दोन होते तेव्हा तिला सुमारे 600 कोटी अक्षरांचा डीएनए कॉपी करायचा असतो. चुका होणारच, बहुतेक लगेच दुरुस्त होतात, ज्या राहतात त्यातल्याही बऱ्याच काही त्रास देत नाहीत. पण चूक नेमकी रास नावाच्या जीनमध्ये पडली तर 'वाढ, वाढ' हा निरोप बंदच होत नाही. तरी तेवढ्याने कॅन्सर होत नाही कारण ब्रेक असतात. पी53 नावाचं प्रोटीन हा त्यातला मोठा ब्रेक, डीएनए बिघडला की तो पेशीला थांबवतो आणि दुरुस्ती जमत नसेल तर मरायला लावतो. जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हाच बिघडलेला सापडतो. असे बिघाड एकाच पेशीच्या वंशात साठत जायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे 'मी परवा काय चुकीचं खाल्लं' असं मावशी स्वतःला विचारायची ते ऐकून मला फार वाईट वाटायचं.

गाठ मोठी व्हायला रक्त लागतं, म्हणून ती जवळच्या रक्तवाहिन्यांना नव्या फांद्या फोडायला लावते. मग काही पेशी शेजारच्या पेशींची पकड सोडतात, खालचा पातळ पडदा भेदतात आणि रक्तात नाहीतर लिम्फमध्ये (शरीरात वेगळ्या नळ्यांमधून वाहणाऱ्या पातळ द्रवात) शिरतात. तिथे बहुतेक सगळ्या मरतात, हे मला माहीतच नव्हतं! ज्या वाचतात त्यांनाही रुजायला योग्य जागा लागते, 1889 मध्येच स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जननी याला बी आणि मातीची उपमा दिली होती. आणि वाटही महत्त्वाची, आतड्यातलं रक्त हृदयाकडे जायच्या आधी लिव्हरमधून जातं, म्हणून या कॅन्सरच्या पेशी बऱ्याचदा तिथेच अडकतात.

म्हणजे मावशीच्या लिव्हरमधल्या गाठी आतड्याच्याच पेशींच्या होत्या. डॉक्टरांनी केमो आतड्याच्या कॅन्सरची का दिली ते तेव्हा कळलं, आणि मी पहिला फोन मावशीला केला.