दोन बाटल्या पाण्याची चरबी

पुण्यात डाएटिशियन म्हणून काम करते, त्यामुळे जिमवाले अधूनमधून बोलावतात. असंच एका जिमच्या आठ आठवड्यांच्या फॅट लॉस चॅलेंजच्या शेवटच्या दिवशी जज म्हणून गेले होते. बक्षीस रोख, नियम एकच, बॉडी फॅटचा टक्का ज्याचा सगळ्यात जास्त उतरला तो जिंकला, आणि मोजणार कोण तर जिमचं ते हातापायांना इलेक्ट्रोड लागणारं मशीन.

पहिला आला पंचविशीतला एक मुलगा, 31 वरून थेट 26. टाळ्या शिट्ट्या सगळं झालं. मी आपले त्याचे दोन्ही प्रिंटआउट शेजारी ठेवले आणि मोबाईलवर हिशोब केला. सुरुवातीला वजन 92, म्हणजे चरबी साडेअठ्ठावीस किलो, आता वजन 89 म्हणजे चरबी तेवीस. वजन उतरलं तीन आणि चरबी उतरली साडेपाच, मग मधले अडीच किलो काय, मसल? कमी खाऊन, आठ आठवड्यांत? बरं कंबर 101 ची 100.

दुसऱ्या नंबरवर 48 वर्षांच्या एक काकू. 74 चे 69 किलो, कंबर सात सेंटीमीटर कमी, पंजाबी ड्रेस अंगावर नुसता लोंबत होता, पण मशीन म्हणतंय 39 चे 37.

मी मुलाला विचारलं, पहिल्या दिवशी काय खाऊनपिऊन आला होतास रे? तो हसायलाच लागला. "मॅडम, मिसळ आणि दोन बाटल्या पाणी. एका व्हिडिओत बघितलं होतं."

आता यात गंमत अशी की हे मशीन चरबी मोजतच नाही. ते अंगातून अगदी बारीक करंट सोडतं, पाण्यातून तो सहज जातो, चरबीतून फारसा जात नाही, मग किती अडथळा आला त्यावरून आणि उंची वजन वय यावरून अंगात पाणी किती याचा अंदाज बांधतं, चरबी सोडून बाकीच्या शरीरात साधारण 73 टक्के पाणी असतं असं धरतं, आणि वजनातून उरेल त्याला चरबी म्हणतं. नुकतंच प्यायलेलं पाणी पोटात असतं, काट्यावर लगेच दिसतं पण करंटला फारसा फरक पडत नाही. मग ते जाऊन बसतं चरबीच्या खात्यात. जिमच्या मालकांना पटेना, म्हणून मी सगळ्यांसमोर मशीनवर उभी राहिले, उतरून लिटरभर पाणी प्यायले, पुन्हा उभी राहिले. पाच मिनिटांत चरबी जवळजवळ किलोभर वाढली! पोरांनी जिम डोक्यावर घेतली.

काकूंचं बरोब्बर उलटं झालं होतं. त्या शेवटच्या दिवशी संकष्टी, सकाळपासून पाण्याचा घोट नाही, वरून चालत आलेल्या. अंगात पाणी कमी म्हणजे अडथळा जास्त, म्हणजे मशीनच्या मते मसल कमी नि चरबी जास्त.

मग काय, वादावादी. ट्रेनर म्हणाला कॅलिपरने चिमटे काढून बघू. पण कॅलिपर फक्त कातडीखालची चरबी धरतो, पोटातली आतली नाही, शिवाय हात बदलला की आकडा बदलतो आणि पहिल्या दिवशी ज्याने चिमटे काढले होते तो ट्रेनर नोकरी सोडून गेलेला. मालक म्हणाले डेक्सा स्कॅन करून टाकू दोघांचा. दोन वेगवेगळ्या शक्तीच्या एक्सरेंवर चालतो तो, या सगळ्यात भरवशाचा, पण आधीचा स्कॅनच नाही तर तुलना कशाशी करणार? मागून कोणीतरी ओरडलं, बीएमआय लावा! म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा हिशोब. त्याला म्हटलं, बाबा रे, आपल्याच पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन यांचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय 22.3, आणि चरबी युडकिन यांची 9.1 टक्के तर याज्ञिकांची 21.2. बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांचं हेच तर आहे.

राहता राहिली टेप. ती दोन्ही वेळा एकाच ट्रेनर मुलीने बेंबीवरून लावली होती, म्हणून माझं मत मी काकूंना दिलं. पण फ्लेक्सवर मशीनच छापलेलं, त्यामुळे पैसे मुलाला आणि काकूंना तीन महिन्यांची मेंबरशिप. मला काही ते पटलं नाही, तसं बोलले पण.

काकू काही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या खर्चाने डेक्सा करून आल्या आणि मला फोन, "अहो मॅडम, हा तर 41 दाखवतोय! मी वाढले का आठवड्यात?" त्यांना सांगितलं, काकू, वाढला नाहीत, जरा जास्त चरबी असली की या करंटच्या मशीनपेक्षा डेक्सा बऱ्याचदा जास्तच दाखवतो, दोघांचे आकडे एकमेकांशी लावायचेच नाहीत, आता सहा महिन्यांनी याच सेंटरला याच मशीनवर या. यावर म्हणाल्या, "येते, पण त्या दिवशी संकष्टी नाही ना तेवढं बघून सांगा."